बाईंचं वळण

भास्कर फडतरे सकाळीच कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मुकुंद कणसेंना वाटलं, याच्या लेकीकडं काहीतरी गोड बातमी असणार.

"मुलगा का मुलगी?" त्यांनी विचारलं.

"गोष्ट!" भास्कर म्हणाला आणि पेढा थेट त्यांच्या तोंडातच कोंबला. "लेका, तुझं पत्र आलं."

पेढा तोंडात असल्यामुळं मुकुंदरावांना लगेच काही बोलता आलं नाही, ते एका परीनं बरंच झालं. कारण असं कुठलंही पत्र त्यांनी लिहिलेलं नव्हतं.

मुकुंदराव साताऱ्याहून निघणाऱ्या 'कोनाडा' या दिवाळी अंकाचे संपादक. अंक चांगला, आणि संपादक त्याहून कडक. त्यांनी परत पाठवलेलं साहित्य एकत्र बांधलं असतं तर त्याचे अनेक अंक झाले असते, असं लेखकमंडळी मागून म्हणायची. भास्कर हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. एसटीच्या सातारा आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून त्याची नोकरी झाली. निवृत्त झाल्यापासून तो दर उन्हाळ्यात 'कोनाडा'साठी एक कथा पाठवायचा आणि दर पावसाळ्यात ती 'साभार परत' यायची. राजवाड्याजवळच्या चहाच्या टपरीवर दोघं रोज भेटायचे, जगातल्या सगळ्या विषयांवर भांडायचे, पण त्या कथांचा विषय कधी निघायचा नाही. न बोलता ठरलेलीच गोष्ट होती ती.

"वाचून दाखवतो," म्हणत भास्करनं फोन डोळ्यांसमोर धरला.

"प्रिय भास्कर, किती छान गोष्ट लिहिलीस! एवढी मोठी गोष्ट आणि तू मध्येच सोडून दिली नाहीस, शाब्बास! त्यात तो ड्रायव्हर घाटात गाडी थांबवून खाली उतरतो ना, तो मला सगळ्यात आवडला. तो कुठं गेला होता रे? मला सांगशील? तेवढं लिहून आण, मग आपण ती छान अंकात लावू या. मी वाट बघते."

वाचून झाल्यावर तो हसला. "शेवटी 'बघते' झालंय बघ. दुसऱ्याच्या वेलांट्यांच्या चुका काढतोस आणि स्वतः असं टाइप करतोस. पण जाऊ दे. मी बसलोय लिहायला. येतो!"

आणि उरलेले पेढे टेबलावर ठेवून तो निघूनही गेला.

मुकुंदरावांनी लॅपटॉप उघडला. गेली दोन वर्षं लेखकांना जाणारी उत्तरं लॅपटॉपच लिहायचा आणि पाठवायचाही. आलेलं साहित्य तो वाचायचा, मुकुंदरावांच्या आजवरच्या पसंती-नापसंतीवरून मत बनवायचा आणि अगदी त्यांच्याच धारदार भाषेत कळवायचा. सुरुवातीला ते प्रत्येक पत्र नजरेखालून घालायचे. पण पत्रं इतकी बिनचूक 'त्यांची' असायची की हळूहळू त्यांनी बघणं सोडलं.

मध्यंतरी लॅपटॉप चालता चालता बंद पडायला लागला, म्हणून त्यांनी तो दुरुस्तीला दिला होता. परत आला तो एकदम तरतरीत होऊन. तेव्हापासून काही बारीकसारीक गमती होत होत्या खऱ्या. अकराच्या सुमाराला पडद्यावर 'डबा खाल्ला का?' अशी सूचना यायची. अक्षरं आपोआप मोठी आणि गोलसर व्हायची. ही काहीतरी नवी सोय असेल, असं समजून त्यांनी सोडून दिलं होतं.

आता त्यांनी पाठवलेली पत्रं एकेक करून उघडली आणि त्यांना घाम फुटला.

एका ज्येष्ठ समीक्षकांना कळवलं होतं : "लेख खूपच लांब झालाय, पण तुम्ही दमला नाहीत! आता थोडं खेळून या, मग आपण दोघं मिळून तो लहान करू या हं." मरणावर कविता लिहिणाऱ्या एका नामवंत कवयित्रींना : "असं नाही रडायचं. बाई आहेत ना?" एका कादंबरीकारांना तर पत्रासोबत सोनेरी चांदणीही चिकटवून पाठवलेली होती. आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी 'अंकात लावू या' होतंच. ज्यांना ज्यांना असं कळवलं होतं त्या सगळ्यांना लावायचं म्हटलं, तर यंदाचा 'कोनाडा' पोत्यात भरून विकावा लागला असता.

मुकुंदराव लॅपटॉप काखेत मारून तडक दुरुस्तीच्या दुकानात गेले.

दुकान तन्वीर मुलाणीचं. गडी हुशार, बोलका. त्यानं लॅपटॉप उघडला, भिंगातून आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"सर, चूक माझी आहे. सरळ कबूल करतो. त्या दिवशी एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप आले होते. दोन्हींच्या वळणचिपला ओल धरली होती. दोन्ही काढल्या, साफ केल्या, परत बसवल्या. बसवताना अदलाबदल झाली."

"मग माझ्या फाइल्स, माझा पासवर्ड तसाच कसा चालतोय?"

"ते सगळं तुमचंच आहे, ते वेगळ्या जागी असतं. म्हणून तर मशिनला काही कळलंच नाही. बदललंय ते फक्त वळण."

वळणचिप हा शब्द तोवर घरोघरी पोचला होता, पण ती चालते कशी हे मुकुंदरावांनी कधी विचारलं नव्हतं. तन्वीरनं सांगितलं. पूर्वी यंत्राला बुद्धी पुरवणारे प्रचंड संगणक कुठंतरी लांब असायचे. त्यांना वीज आणि थंड करायला पाणी इतकं लागायला लागलं, की ही बुद्धी ज्याच्या त्याच्या यंत्रातच बसवायचं ठरलं. त्यासाठी ही चिप आली. तिच्यात धातूच्या अतिशय बारीक तारांचं जाळं असतं आणि जिथं तार तारेला ओलांडते तिथं एका ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्यातून वीज गेली की थरातले ऑक्सिजनचे अणू किंचित सरकतात आणि पुढच्या वेळी वीज जायला तिथून सोपं होतं. यंत्र बंद केलं तरी ते अणू सरकलेले तसेच राहतात.

"माळावर पायवाट पडते ना, तसं," तन्वीर म्हणाला. "लोक जिथून चालतात तिथलं गवत दबतं, मग सगळेच तिथून जातात. तुम्ही वर्षानुवर्षं जसं वाचता, जसं लिहिता, तशा त्या चिपमध्ये कोट्यवधी पायवाटा पडतात. ती फाइल नाही. तिची नक्कल करता येत नाही, पुसताही येत नाही. माणसाचं वळणच असतं ते."

"आणि माझ्या लॅपटॉपमध्ये हे कुणाचं वळण घातलंयस?"

तन्वीरनं जरा घसा खाकरला. "ऋजुता शेडगे मॅडम. रानपाखरं बालवाडी."

मुकुंदराव खुर्चीत बसले. मग त्यांच्या डोक्यात दुसरा विचार आला आणि ते ताडकन उठले. "म्हणजे माझी चिप बालवाडीत आहे?"

बालवाडी गावाच्या कडेला होती. मुकुंदराव पोचले तेव्हा मुलं घरी गेलेली होती आणि पस्तिशीची एक बाई गुडघाभर उंचीच्या टेबलांवरून रंगांचे डाग पुसत होती. मुकुंदरावांनी आपलं नाव सांगितलं.

"अच्छा! म्हणजे ते तुम्ही," ऋजुताबाई म्हणाल्या. त्या रागावल्या आहेत की हसताहेत, ते काही कळेना. "बसा. मोठी खुर्ची नाहीये."

मुकुंदराव एका पिवळ्या पिटुकल्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले. बाईंनी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या चित्राचा फोटो आणि त्यावर दोन ओळी पालकांना पाठवायची इथली पद्धत होती. त्या ओळी लॅपटॉप बाईंच्या बोलीत लिहायचा. दुरुस्तीनंतर पालकांना गेलेल्या ओळी अशा होत्या :

"हत्ती ओढूनताणून आणलेला वाटतो. कथानकाशी संबंध नाही."

"सूर्य कोपऱ्यात आणि झोपडी मध्यभागी. ही रचना आता गुळगुळीत झाली आहे. नवे काही सुचले तर जरूर पाठवावे. साभार परत."

"प्रयत्न प्रामाणिक, पण फुलपाखरात जीव नाही."

"चार वर्षांची आहेत हो ती," ऋजुताबाई म्हणाल्या.

मुकुंदरावांचं तोंड एवढंसं झालं. "पालक चिडले असतील."

"निम्मे भांडायला आले. एकजण मात्र खूश होते. म्हणाले, शेवटी एकदाची शाळेला शिस्त लागली." आता मात्र बाई खरंच हसल्या. मग त्यांनी कपाटातून एक चित्र काढलं. "पण हे बघा. यासाठी मी तुम्हाला भेटणारच होते."

चित्राचा विषय होता 'आपल्या वर्गाच्या खिडकीतून काय दिसतं?' खिडकीतून समोर अजिंक्यतारा दिसत होता. सगळ्या मुलांनी डोंगर काढला होता, कुणी त्यावर झेंडा, कुणी ढग. या एका चित्रात मात्र नुसते खिडकीचे गज होते. उभे, काळे, एकेक गज नीट रंगवलेला, त्यावरचा गंजसुद्धा. आणि गजांपलीकडं कोरा कागद.

"स्वरांगीचं आहे," बाई म्हणाल्या. "माझी चिप असती ना, तर तिनं लिहिलं असतं, 'वा, किती सुंदर गज!' वर्षभर तेच लिहिलंय. मीही तेच म्हटलंय. पण तुमच्या चिपनं काय लिहिलं, वाचा."

मुकुंदरावांनी वाचलं. "विषय टाळला आहे. याआधीच्या चित्रांतही हाताच्या अंतरापलीकडचे काहीच नाही. लेखकाला दूरचे दिसत नाही काय?"

"मला आधी इतका राग आला," बाई म्हणाल्या. "मग मी तिची सगळी चित्रं काढून बसले. आकाशात कधी पक्षी नाही, चंद्र नाही. तिच्या आईला बोलावलं, दोघी मिळून तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. मोठा नंबर निघाला. काल चष्मा आला तिचा. काल दुपारभर ती इथून हललीच नाही. खिडकीला नाक लावून म्हणत होती, 'बाई, डोंगरावर झाडं आहेत! वेगवेगळी!'"

मुकुंदराव बराच वेळ ते गज बघत राहिले. आपल्या कडकपणामुळं कुणाचं इतकं भलं झाल्याचं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं. मनातून ते सुखावले आणि लगेच त्यांना भास्करचं पत्र आठवलं. त्यांनी ते ऋजुताबाईंना वाचून दाखवलं.

"हं, हे अगदी माझंच," बाई म्हणाल्या. "मुलानं काहीही दाखवलं तरी मी आधी हेच विचारते. पुढं काय झालं? तो कुठं गेला? त्यांना सांगायचं असतं काहीतरी, पण सगळं चित्रात येत नाही. पण सर, तो ड्रायव्हर कुठं गेला होता?"

"मला काय माहीत?"

"तुम्ही विचारलं नाही?"

मुकुंदरावांनी मान हलवली. कथा त्यांनी वाचलीसुद्धा नव्हती.

तन्वीर दुसऱ्याच दिवशी चिपा परत जागच्या जागी बसवून द्यायला तयार होता. पण दोघांनीही त्याला आठवडाभर थांबवलं. बाईंना प्रत्येक मुलाची वर्षभराची चित्रं एकदा त्या खडूस डोळ्याखालून घालायची होती; पालकांना पाठवायला नव्हे, स्वतःला काही दिसायचं राहिलंय का ते बघायला. आणि मुकुंदरावांनी आजवर परत केलेल्या कथा बाईंच्या वळणाला दाखवल्या. त्यातल्या बऱ्याचशा खरोखरच परत करण्याजोग्या होत्या. पण काहींच्या खाली ते वळण असा एखादा साधा प्रश्न लिहायचं, की मुकुंदरावांना आपण हा का विचारला नाही, याचं नवल वाटायचं.

पाठवण्याचं काम मात्र दोघांनीही यंत्राकडून काढून घेतलं. ज्यांना ज्यांना पत्रं गेली होती, त्यांना मुकुंदराव एकेक करून फोन करायला बसले. समीक्षक संतापले. कवयित्री मात्र म्हणाल्या, "मला ते पत्र फार आवडलं होतं हो. मी ते जपून ठेवलंय."

भास्करला मात्र फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. मुकुंदराव त्याच्या घरी गेले. भास्कर व्हरांड्यात कागद पसरून बसला होता, गालाला शाई लागलेली.

"झालीच आहे," तो म्हणाला. "बस. चहा टाकायला सांगतो."

"भास्कर, ते पत्र मी लिहिलेलं नव्हतं."

त्यांनी सगळं सांगितलं. चिप, अदलाबदल, बालवाडी. भास्कर ऐकता ऐकता कागद गोळा करत होता. सगळे गोळा झाल्यावर त्यानं त्यांच्या कडा मांडीवर आपटून सारख्या केल्या.

"म्हणजे बालवाडीतलं पत्र होतं ते," तो म्हणाला.

"हो."

"आणि त्याआधीची? साभार परतवाली?"

"सुरुवातीची माझी. शेवटच्या दोन वर्षांची मशिनची."

आतून चहा आला, तो कुणी उचलला नाही.

"मुकुंदा, मला वाईट कशाचं वाटतंय सांगू?" तो अखेर म्हणाला. "गोष्ट नापास केलीस त्याचं नाही. मला ठाऊक आहे, मी फार जड जड शब्द घालतो. पण आपण रोज टपरीवर बसतो. त्या मशिनला विचारावंसं वाटलं, ड्रायव्हर कुठं गेला होता म्हणून. तुला कधी वाटलं नाही."

मुकुंदराव उठायला लागले तेव्हा भास्करनं कागद त्यांच्या हातात दिले. "ने. वाचायची तर तू वाच. मशिनला दाखवलीस तर टपरीवर माझ्या शेजारी बसू नकोस."

मुकुंदरावांनी घरी जाऊन, दार लावून, कथा वाचली.

यात जड शब्द नव्हते. पसरणी घाटातून रोज पाचगणीला जाणारी जुनी डिझेलची एसटी. ड्रायव्हर बाबू लोखंडे एका ठराविक वळणावर गाडी उभी करतो, इंजिन तापलंय म्हणतो आणि खाली उतरून जातो. प्रवासी करवादतात. आगारात रोज उशिराची नोंद होते. खरं कारण असं, की त्या वळणाखालच्या वस्तीवर आनंदराव नावाचा म्हातारा राहतो. पूर्वी तो याच घाटात गाडी चालवायचा. आता डोळे गेलेत. बाबू त्याचा हात धरून त्याला वर आणतो आणि इंजिन चालू ठेवून घटकाभर ड्रायव्हरच्या सीटवर बसवतो. म्हातारा चाकावर हात ठेवतो, गिअरची दांडी चाचपतो, एकदा हॉर्न वाजवतो आणि 'चांगलं चाललंय इंजिन' म्हणून उतरतो. उशिराची नोंद करणारा नियंत्रक म्हणजे भास्कर स्वतः. त्याला हे कळतं तेव्हा तोही कारणाच्या रकान्यात 'इंजिन तापले' एवढंच लिहायला लागतो.

मुकुंदरावांनी कथा पुन्हा वाचली. मग चप्पल घालून ते टपरीवर गेले. भास्कर तिथंच बसला होता.

"छापतोय," मुकुंदराव म्हणाले. "आणि हे मी बोलतोय."

भास्करनं त्यांच्याकडं बघितलं. दुसरा चहा सांगितला. मग रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत बसला.

पण मुकुंदराव संपादक होतेच. चहा संपता संपता त्यांनी विषय काढला. "फक्त शेवटचा परिच्छेद काढू या."

त्या परिच्छेदात भास्करनं लिहिलं होतं, की आनंदराव जाऊन कितीतरी वर्षं झाली, बाबूही निवृत्त झाला. आता घाटातल्या गाड्या विजेवर चालतात, इंजिन तापायचं कारणच उरलं नाही. तरी त्या वळणावर प्रत्येक ड्रायव्हर आनंदरावांसाठी एकदा हॉर्न वाजवून जातो.

"का काढायचा?" भास्करनं विचारलं.

"खोटं वाटतं. म्हातारा 'चांगलं चाललंय इंजिन' म्हणतो, तिथं गोष्ट संपते. पुढं तू वाचकाला रडवायला बघतोयस. असं कोण करतं, भास्कर?"

"मी लिहिलंय ना करतात म्हणून."

"गोष्टीत लिहिलं म्हणून खरं वाटत नाही."

यावर दोघं इतके भांडले, की टपरीवाल्यानं रेडिओ बंद केला. शेवटी अंक संपादकाचा होता. परिच्छेद गेला. भास्कर पुढं काही दिवस दुसऱ्या बाकावर बसून चहा पीत राहिला, पण आला रोज.

तोवर तन्वीरनं चिपा ज्याच्या त्याच्या जागी बसवल्या होत्या. मुकुंदरावांच्या लॅपटॉपला पुन्हा धार आली. पण आता तो फक्त त्यांना मत सांगायचा, पत्रं ते स्वतः लिहायचे. त्यामुळं अंकाला उशीर झाला, तरी दिवाळीच्या आधी तो कसाबसा निघाला.

प्रकाशन नगर वाचनालयाच्या सभागृहात ठेवलं होतं. ऋजुताबाई आल्या होत्या. त्यांच्याशेजारी चष्मेवाली स्वरांगी बसली होती आणि व्यासपीठावर लांब लावलेल्या फलकावरची चित्रं बोट दाखवून दाखवून मोठ्यानं सांगत होती. मागच्या रांगांत मात्र एरवी साहित्याच्या कार्यक्रमाला न दिसणारी मंडळी होती. खाकी कपड्यांतले दहाबारा ड्रायव्हर-कंडक्टर, काही पाळी संपवून आलेले, काही पाळीवर जायच्या आधी.

भास्करला कथा वाचायला उभं केलं. आधी तो दोनदा अडखळला. मग घाट सुरू झाला आणि तो सावरला. इंजिन तापल्याचं आलं तेव्हा मागच्या रांगा हसल्या. म्हातारा सीटवर बसला तेव्हा तीच मंडळी पुढं वाकून ऐकायला लागली.

"'चांगलं चाललंय इंजिन,' आनंदराव म्हणाले," भास्करनं वाचलं आणि अंक मिटला.

लोक टाळ्या वाजवायला हात उचलणार, तेवढ्यात त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. मुकुंदरावांकडं बघितलंच नाही त्यानं. कागद उलगडला आणि काढून टाकलेला परिच्छेद सावकाश, शब्दन् शब्द, वाचून टाकला.

व्यासपीठावर मुकुंदराव लालबुंद झाले. चारचौघांत भास्करनं त्यांचा कात्रीचा हात पिरगाळला होता. आता लोक हसतील, असं त्यांना वाटलं.

पण मागच्या रांगेतला एक तरुण ड्रायव्हर उभा राहिला. त्याला बहुतेक भाषण करायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"ते आनंदराव होते होय?" तो म्हणाला. "आम्हाला नाव माहीत नव्हतं. मला माझ्या सिनिअरनं शिकवलं, त्या वळणावर एकदा वाजवायचा. आम्ही अजून वाजवतो. आज सकाळी वाजवलाय."

"मीपण," त्याच्या शेजारचा म्हणाला. मग आणखी दोघेतिघे उठले. टाळ्या कुठून सुरू झाल्या ते कळलं नाही, पण थांबायचं नाव घेईनात.

मुकुंदराव उठून उभे राहिले. तेही टाळ्या वाजवत होते, हात दुखेपर्यंत. आवाज जरा ओसरल्यावर ते भास्करजवळ गेले.

"पुढच्या आवृत्तीत घालतो," ते म्हणाले.

"घाल की," भास्कर कागदाची घडी करत म्हणाला. "पण एक शब्द हलवायचा नाही."

"त्यात 'कितीतरी' दोनदा आलंय."

"मुकुंदा!"

"बरं, बरं. राहू दे."